कुम्हारीचा पत्ता कोणी बंद केला

‘कंपनीचे दर बाहेर फुटत होते, तेव्हा मी स्वतः सर्व्हरसमोर बसलो, पत्रावरचे नाव पाहून एका विशिष्ट पत्त्याकडे जाणारा प्रत्येक मेल गुपचूप गिळून टाकण्याची व्यवस्था केली, आणि एका तरुण सहकाऱ्याची नोकरी व त्याच्या बहिणीचा संसार वाचवला.’

हे वाक्य गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात श्री. सुधाकर देवतळे यांच्या लेखात छापले गेले. या वाक्यात जितकी क्रियापदे आहेत तितक्याच चुका आहेत, आणि त्यांतली एकही छपाईची नाही. संपादक मंडळाने मला उत्तर देण्यासाठी जागा दिली याबद्दल मी आभारी आहे. उत्तर लांबले तर दोष माझा नाही. खोटे एका ओळीत सांगता येते, ते खोडायला पाने लागतात.

प्रथम माझा परिचय. भिलाईजवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत, पोलाद कारखान्यांसाठी रोलर आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग बनवणाऱ्या एका खासगी कंपनीत मी संगणक विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे एक थंड खोली, तिच्यातली यंत्रे आणि मी. माझे वडील गोंदियाकडून भिलाईच्या भट्ट्यांवर कामाला आले. मी भट्टीपासून दूर, वातानुकूलित खोलीत स्वेटर घालून नोकरी केली, याचे त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत असे. श्री. देवतळे आमच्या कंपनीत प्रशासन प्रमुख होते आणि माझी खोली त्यांच्या अखत्यारीत येत असे. अखत्यारी आणि कर्तृत्व यांतला फरक त्यांना तेव्हाही कळत नव्हता.

हा लेख मत्सरातून लिहिला आहे असे काही वाचक म्हणतील. त्यांनी खुशाल म्हणावे. आमच्या सौभाग्यवतींनी ते आधीच म्हणून ठेवले आहे.

“इतके वर्सं चूप बसले, आता कावून पेटून राहिले?” त्यांनी विचारले.

“त्याने छापलं म्हणून.”

“छापलं म्हणून नाई. त्याले शाल भेटली म्हणून.”

शाल खरोखरच चांगली होती. सिविक सेंटरमधल्या ज्या दुकानातून ती घेतली त्या दुकानात मी पुढल्या आठवड्यात जाऊन तशीच शाल पाहून आलो. पण मत्सराचा एक गुण मान्य करावा लागेल: मत्सरी माणूस काही विसरत नाही. समाधानी माणसांच्या आठवणींवर मी कधीच विसंबलो नाही.

अंकाच्या प्रकाशन समारंभाचा प्रसंग पुष्कळ वाचकांनी पाहिला आहे. प्रमोद कापगते, म्हणजे लेखातला तो ‘तरुण सहकारी’, आता तरुण राहिलेला नाही. तो स्वतः उठून व्यासपीठावर गेला, सगळी हकिगत आपणहून सांगितली आणि म्हणाला, “देवतळे साहेब नसते तर मी आज कुठं असतो, मले ठाऊक नाई.” पहिल्या रांगेत त्याची बहीण सुनंदा डोळे टिपत होती. तिच्या शेजारी तिचे यजमान, म्हणजे कापगते कुटुंबाचे जावई श्री. ब्राह्मणकर, टाळ्या वाजवत होते. श्री. देवतळे यांनी शाल अंगावर पडेपर्यंत मान खाली घातली होती. मी मागच्या रांगेत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसलो होतो आणि मीही टाळ्या वाजवल्या, कारण शेजारी बसलेले लोक पाहत होते.

श्री. देवतळे यांचे गुण मी नाकारत नाही. ते बोलतात गोड. कंपनीत असतानाच ते आपल्या मराठी मंडळाचे सचिव होते आणि या अंकासाठी जाहिराती मिळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मागल्या पानाची रंगीत जाहिरात तर ते दरवर्षी जवळच्या कुम्हारी गावातल्या एका कंपनीकडून आणत, आणि ती कंपनी आमच्याच मालाच्या धंद्यात आमची स्पर्धक होती. स्पर्धकाच्या मालकाकडून हसत हसत जाहिरात काढणे मला सात जन्मांत जमले नसते. माणसे त्यांच्याकडे आपोआप जातात. माझ्याकडे माणसे येत ती काहीतरी बिघडल्यावरच.

आता धंद्याविषयी, कारण तो समजल्याशिवाय खोटे कुठे आहे ते दिसणार नाही.

लोकांना वाटते, मेलच्या सर्व्हरवर बसलेल्या माणसाचे काम म्हणजे बाहेरून येणारी घाण अडवणे. ते काम असतेच, आणि ते यंत्र बऱ्यापैकी करते. कठीण काम उलट बाजूचे आहे: आतून बाहेर जाणारे अडवणे. येणारा मेल अडवला तर परका माणूस दुखावतो. जाणारा मेल अडवला तर आपला माणूस दुखावतो आणि जिना उतरून थेट आपल्या खोलीत येतो.

कंपनीतला प्रत्येक मेल बाहेर पडण्यापूर्वी आमच्या सर्व्हरवर येत असे. कोणत्या पत्त्यांकडे मेल जाऊ द्यायचा नाही याची एक यादी तिथे ठेवता येते. यादीत एकट्या माणसाचा पूर्ण पत्ता लिहिता येतो, किंवा पत्त्याचा नुसता मागचा भाग, म्हणजे कंपनीचे नाव लिहिले की त्या कंपनीतल्या सगळ्यांचे दार बंद होते. यादीतल्या पत्त्याचा मेल आला की त्याचे तीन प्रकारे भवितव्य ठरवता येते. एक, नाकारणे: मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो, सोबत कारणाची चिठ्ठी. दोन, गिळणे: मेल नाहीसा होतो आणि पाठवणाऱ्याला तो पोचला असेच वाटत राहते. तीन, थांबवणे: मेल सर्व्हरवर पडून राहतो आणि माझ्यासारखा कोणी पाहून ठरवतो की सोडायचा की नाही. या तिन्हींतून योग्य ते निवडणे हीच आमची विद्या. बाकी सारे टंकलेखन आहे.

खरेदी खात्यातील बोरकरांचे उदाहरण देतो. ते एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर आले आणि दार लावून घेतले.

“लांजेवार भाऊ, माह्या मोठ्या भावाचा पत्ता बंद करून द्या.”

“त्यांचे मेल येऊ नयेत म्हणता?”

“त्याचे येऊ द्या. माह्ये जाऊ देऊ नका. जेवण झालं का मले वावराची वाटणी आठवते, अन् मी लिहाले बसतो. मंग संध्याकाळी पस्तावतो.”

असे गिऱ्हाईक मला आधी भेटले नव्हते. मी विचार केला. नाकारले तर बोरकर परत आलेला मेल पाहून अधिक चिडतील आणि घरच्या संगणकावरून पाठवतील. गिळले तर आपण भावाला सुनावले या समाधानात राहतील, आणि भावाचे उत्तर आले नाही म्हणून आणखी कडक लिहितील. म्हणून मी थांबवण्याचा मार्ग घेतला आणि त्यांना तसे सांगितले. दुपारचा राग सर्व्हरवर पडून राही. बरेच दिवसांनी ते पुन्हा आले. पुतणीचे लग्न जुळले होते.

“एक मेल जाऊ द्या.”

“कोणता? पुष्कळ थांबले आहेत.”

“आत्ता लिहिला तो, अभिनंदनाचा. बाकीचे जाळून टाका.”

“मेल जाळत नाहीत, बोरकर.”

“मंग जे करता ते करा, पण भावाले दिसू देऊ नका.”

लग्नाला ते सहकुटुंब गेले. येताना माझ्यासाठी लाडू आणले. शाल आणली नाही, पण लाडू चांगले होते.

आता मूळ प्रकरण. आमच्या कंपनीच्या निविदा एकामागून एक हातच्या जाऊ लागल्या, आणि दर वेळी ती कुम्हारीच्या त्या कंपनीलाच मिळे. तीही अशी की आमच्या दरापेक्षा त्यांचा दर केसभर कमी. एकदा झाले तर नशीब म्हणता येते. लागोपाठ झाले तेव्हा आमच्या शेठजींनी नशीब हा शब्द वापरणे सोडून दिले. त्यांनी श्री. देवतळे यांना आणि मला बोलावले.

“घर में चोर है,” शेठजी म्हणाले. “मुझे नाम चाहिए.”

श्री. देवतळे यांनी सुचवलेला उपाय मला अक्षरशः आठवतो: फाटकावर झडती घ्यावी आणि दरपत्रक विभागातल्या सगळ्यांचे मोबाइल सकाळी जमा करून घ्यावेत. तसे केलेही. फाटकावर डबे उघडून पाहिले गेले, आणि पुढची निविदाही गेली.

मी काहीच बोललो नव्हतो, कारण माहिती असल्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही. खोलीत येऊन मी बाहेर गेलेल्या मेलच्या नोंदी चाळल्या. सर्व्हर मेलमधला मजकूर जपत नाही. कोणी, कोणाकडे, केव्हा पाठवला इतकेच लिहून ठेवतो. तेवढे पुरले. दर वेळी निविदा भरण्याच्या आदल्या दिवशी प्रमोद कापगतेने शेठजींना अंतिम दरपत्रक पाठवले होते, आणि त्याच मेलची एक गुप्त प्रत कुम्हारीच्या कंपनीतल्या एका पत्त्याकडे गेली होती.

गुप्त प्रत म्हणजे काय ते सांगतो. मेलला दोन ठिकाणी नाव असते. एक आतल्या कागदावर, जे वाचणाऱ्याला दिसते. दुसरे पाकिटावर, जे फक्त टपाल नेणारा पाहतो. गुप्त प्रत पाठवली की ते नाव कागदावर येत नाही, पाकिटावर मात्र असते. शेठजींना आलेल्या मेलमध्ये कुम्हारीचे नाव कुठेच नव्हते.

मी कापगतेला बोलावले. हुशार मुलगा, भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला. वडील पोलाद कारखान्यात हेल्पर होते. तो घाबरेल अशी माझी अपेक्षा होती. तो खुर्ची ओढून आरामात बसला.

“कुम्हारीला कोण आहे तुझं?” मी विचारले.

“आमचे जावई. सुनंदाताईचे मालक. तिथं अकाउंटमधे आहेत.”

“त्यांना दरपत्रक कशाला पाठवतोस?”

“बघाले,” तो म्हणाला, जणू मी पाणी कशाला पितोस असे विचारले होते. “आमच्या घरातून कोणताच मोठा कागद जावयाले दाखवल्याशिवाय बाहेर जात नाई, काका. बाबांनी घराचा नकाशा दाखवला, माह्या लग्नाची पत्रिका दाखवली. टीव्ही घेतला तं त्याची पावतीबी दाखवली. भाऊजीचा हिशेब एकदम पक्का हाय. ते म्हणतात बरोबर हाय, का मंग मी निवांत झोपतो.”

“आणि मग गुप्त प्रत कशाला? उघड का नाही पाठवलंस?”

आता तो थोडा लाजला. “शेठजीचं नाव वर अन् जावयाचं नाव खाली, असं कसं लिहायचं? जावयाचा मान राहते का त्यात? म्हणून लपवून टाकलं.”

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ तऱ्हेच्या चोऱ्या ऐकल्या आहेत. मानापायी झालेली ही एकच.

“भाऊजींनी ते पुढे कोणाला दाखवलं असेल का?”

“भाऊजी?” त्याचा चेहरा प्रथमच बदलला. “ते बघून फक्त ‘ठीक’ असं लिहितात.”

ते खरे असणार, हे मला माहीत होते, कारण कुम्हारीच्या कंपनीची यंत्रणा बसवणारा माणूस माझ्या ओळखीचा होता. तिथल्या मालकाने कंपनीत येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत स्वतःकडे वळवून घेतली होती. जावई दर तपासत होते आणि त्याच वेळी मालक ते वाचत होता. जावयांना याचा पत्ता नव्हता.

मी हे कापगतेला समजावले तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, “काका, शेठजी मले काढून टाकतील.”

“तू उद्यापासून पाठवू नकोस, म्हणजे झालं.”

“नाई पाठवलं तं भाऊजी विचारतील. का सांगू? तुमच्या हापिसात चोरी होते म्हणू? तुमच्याच्यानं आमची टेंडरं गेली म्हणू? ते एकदा रुसले होते, माह्या लग्नात त्यांच्या हाताले पहिला नारळ नाई दिला म्हणून. ताई दोन महिने माहेरी होती. बाबांची तब्येत तवापासून बसली.”

मी त्याला एवढेच म्हणालो, “बघतो.” तो एक शब्द मी आयुष्यात फार स्वस्तात वापरला आहे. त्या दिवशी मात्र तो मनापासून म्हटला होता.

प्रश्न असा होता. शेठजींना नाव सांगितले तर मुलाची नोकरी जाते. मुलाने जावयाला नाही म्हटले तर बहीण माहेरी येते. ‘नाही’ तर म्हटले पाहिजे, पण ते मुलाच्या तोंडून निघता कामा नये. मग ते यंत्राने म्हणावे.

यंत्राने कापगतेलाच फक्त अडवले असते तर जावयांना वाटले असते, आपल्याविरुद्ध कोणीतरी कान भरले. म्हणून मी कुम्हारीच्या कंपनीचे संपूर्ण दार बंद केले, आणि ते आमच्या कंपनीतल्या सगळ्यांसाठी केले, शेठजींपासून शिपायापर्यंत. सगळ्यांनाच मनाई असली की कोणाचाच अपमान होत नाही. अडवायचे ते पाकिटावरचे नाव पाहून, कारण गुप्त प्रतीत कागदावर नाव नसतेच.

आणि अडवायचे ते नाकारून. गिळून नव्हे. येथे वाचकांनी थांबून श्री. देवतळे यांचे वाक्य पुन्हा पाहावे. ‘गुपचूप गिळून टाकण्याची व्यवस्था.’ मेल गिळला असता तर काय झाले असते? कापगते न राहवून एखाद्या दिवशी पाठवून बसला असता, आणि पोचला असे समजून ‘ठीक’ची वाट पाहत राहिला असता. जावई म्हणाले असते, आता मेहुण्याला आपली गरज उरली नाही. दोघेही एकमेकांवर नाराज, आणि कारण दोघांनाही ठाऊक नाही. ज्या संसाराला वाचवल्याची शाल श्री. देवतळे यांनी घेतली, तो संसार त्यांच्या लेखातल्या उपायाने मोडला असता.

परत जाणाऱ्या मेलसोबतची चिठ्ठी मी स्वतः लिहिली. इंग्रजीत होती, आशय असा: या पत्त्याकडे आमच्या कंपनीतून कोणाचाही मेल जाऊ शकत नाही, यात पाठवणाऱ्याचा दोष नाही. दुसरे वाक्य कोणत्याही सर्व्हरवर नसते. त्या वाक्याचा मला आजही अभिमान आहे.

मग मी शेठजींकडे गेलो.

“दरवाज़ा मिल गया, शेठजी. बंद कर दिया.”

“खोला किसने था?”

“वो मत पूछिए. चोर नहीं है.”

“और मैं पूछूँ तो?”

“तो मेरा नाम लिख लीजिए.”

“अगला टेंडर ऐसे ही गया,” शेठजी म्हणाले, “तो तुम्हारा ही लिखूँगा.”

माझी मुलगी तेव्हा रायपूरला शिकत होती आणि निवृत्ती दूर होती. घरी मी काही सांगितले नाही. निविदा उघडायच्या दिवशी मी देवाला नमस्कार केला, जो मी एरवी फक्त सर्व्हर बदलताना करतो. निविदा आम्हाला मिळाली.

येथून पुढे हकिगत माझ्या हातून निसटते. कंपनीच्या नियमाप्रमाणे असे कोणतेही बंधन सगळ्या कर्मचाऱ्यांना नोटीस काढून कळवावे लागे, आणि नोटिशीवर सही प्रशासन प्रमुखाची असे. ती सही हा श्री. देवतळे यांचा या प्रकरणातला पूर्ण सहभाग. कापगतेने नोटीस वाचली, खालची सही पाहिली, आणि आपला तर्क बांधला: लांजेवारकाकांनी आपल्याला पकडले, देवतळे साहेबांनी सोडवले. तो पेढे घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेला आणि रडत रडत सगळे सांगून टाकले. श्री. देवतळे यांना जावई, गुप्त प्रत, रुसवा, हे सारे प्रथम कळले ते तोंडात पेढा असताना. त्यांनी पेढा गिळला आणि खुलासा केला नाही. गिळण्याची व्यवस्था एवढीच.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी शेठजींनी, कोणाकडे बोट दाखवले जाऊ नये म्हणून, ‘प्रशासन विभागाचे’ आभार मानले. विभागाच्या वतीने प्रमुख उठले आणि त्यांनी हार घेतला. शेठजींनी माझ्याकडे पाहून मान हलवली होती. पण मान हलवण्याचा फोटो निघत नाही, आणि शेठजी आता साक्ष द्यायला राहिले नाहीत.

मी तेव्हाच कापगतेला खरे का सांगितले नाही, असे विचारले जाईल. उपकार स्वतः सांगायचा नसतो, असे मला वाटत होते. तो आपोआप कळेल, असेही वाटत होते. श्री. देवतळे आमच्याच कॉलनीत, आमच्यापासून थोडे पुढे राहतात. दर दसऱ्याला मी आपट्याची पाने ताटात घेऊन व्हरांड्यात बसतो. कापगतेची स्कूटर येते, माझ्या फाटकाशी जरा मंदावते आणि पुढे जाते. पहिले सोने देवतळ्यांना. मग परतताना तो माझ्याकडे येतो, वाकून नमस्कार करतो, “सोन्यासारखे राहा काका” म्हणतो, आणि त्याच्या तोंडाला देवतळ्यांच्या घरच्या करंजीचा वास असतो. आमच्या सौभाग्यवतींची करंजी त्यांच्यापेक्षा चांगली असते. हे मी वैरापोटी म्हणत नाही. कॉलनीत कोणालाही विचारावे. पण त्याचे पोट तोवर भरलेले असते. इतकी वर्षे मी ते पाहत आलो.

प्रकाशन समारंभानंतर चहाच्या वेळी जावई श्री. ब्राह्मणकर माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांना विचारले, मेल परत आला तेव्हा तुम्हाला वाईट वाटले नव्हते का?

“वाईट?” ते हसले. “प्रमोदनं एक मेल पाठवून पाहिला, तो वापस आला. त्यानं चिठ्ठी छापून आणली, रविवारी जेवताना वाचून दाखवली. मी सुनंदाले म्हटलं, बघ, एवढी मोठी कंपनी, अन् माह्या एका नजरेले भिऊन अख्ख्या कुम्हारीचं दार लावून बसली. अन् खाली लिहिलं होतं ना, पाठवणाऱ्याचा दोष नाई म्हणून. मंग मी कोणावर रुसू?” कपातला शेवटचा घोट घेऊन ते म्हणाले, “देवतळे साहेबांनी चिठ्ठी लिहिली मोठी जपून.”

मी कप ठेवला आणि घरी आलो. हा लेख त्या रात्रीच्या जेवणाआधी मनात लिहून झाला होता.

श्री. देवतळे यांना माझे तीन प्रश्न आहेत. गुप्त प्रतीत कागदावर नाव नसते, तर आपण ‘पत्रावरचे नाव पाहून’ काय अडवले? मेल गिळला होता, तर जावयांनी जेवताना वाचलेली चिठ्ठी कुठून आली? आणि सर्व्हरसमोर आपण बसलात, तर त्या खोलीत बसायची खुर्ची एकच होती, मी त्या वेळी कुठे होतो?

ते गोड बोलून या तिन्हींची उत्तरे देतील, हे मला माहीत आहे. सिविक सेंटरच्या चहाच्या टपरीवर त्यांच्या उत्तराला माना डोलावणारे चौघे नेहमी हजर असतात. म्हणून ज्याला उत्तर नाही अशी एकच गोष्ट सांगतो आणि थांबतो. ती मी आजवर कुठे बोललो नाही.

बंधन मी दुपारी घातले. नोटीस दुसऱ्या दिवशी निघायची होती, त्यामुळे माझ्याखेरीज आणि शेठजींखेरीज ते कोणालाच ठाऊक नव्हते. बंधन लागू झाले की नाही हे पाहायला मी पडद्यासमोर बसून राहिलो. सर्व्हर जेव्हा मेल नाकारतो, तेव्हा पाठवणाऱ्याला चिठ्ठी जाते आणि मला सूचना येते. तिसऱ्या प्रहरी पहिली सूचना आली. ती कापगतेची नव्हती. मी नाव वाचून होईपर्यंत जिन्यावर पावले वाजली, दार उघडले, आणि एक गृहस्थ छापलेली चिठ्ठी हातात घेऊन आत आले.

“लांजेवार, हे काय होऊन राहिलं? माझा मेल वापस कावून येते? दिवाळी अंकाच्या मागल्या पानाची जाहिरात मागून राहिलो होतो कुम्हारीच्या मालकाले. तुमचं मशीन बिघडलं का?”

“मशीन ठीक आहे, साहेब. कुम्हारीचा पत्ता बंद केला आहे.”

“बंद केला? कोणी?”

“मी. शेठजींना माहीत आहे. उद्याच्या नोटिशीवर आपली सही लागेल.”

“सही करतो ना. पण माह्या जाहिरातीचं काय?”

“स्कूटर काढा,” मी म्हणालो.

ज्या बंधनाबद्दल श्री. सुधाकर देवतळे यांना शाल मिळाली, त्या बंधनाने अडवलेला पहिला मेल श्री. सुधाकर देवतळे यांचा होता.